दगडातला रवा

विट्याकडून गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी येऊन रायचूरच्या सराफ्यात बसलो, त्याला 22 वर्षं झाली. रोजचं काम मोडीच्या दागिन्यांचा टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता काढायचं. दगड क्वचितच येतो. मागच्या महिन्यात लिंगसुगूरकडचा एक म्हातारा टॉवेलात बांधून नारळाएवढी गारगोटी घेऊन आला. विहीर खणताना लागली म्हणाला. पांढऱ्या गारेत काळपट पट्टे, पट्ट्यांत पिवळे दाणे. "सेठ, बंगारा?" म्हणजे सोनं का.

आधी तो दुसऱ्या एका दुकानात जाऊन आला होता. तिथं दगड मशीनखाली धरून, पैसे घेऊन सोन्याचे टक्के लिहिलेली चिठ्ठी दिली होती. याचा मला भयंकर राग येतो. ते मशीन दागिन्यांचा टंच काढायचं. समोर येईल ते सोनं, चांदी, तांबं, जस्त यांत वाटून शंभर भरायचे, एवढंच त्याला कळतं. दगडात आर्सेनिक असलं तर तेही सोन्याच्या खात्यात पडू शकतं.

मी सुई दाबली. सोन्यात ती रुतली असती, इथं दाण्याचा चुरा झाला. फरशीच्या खरबरीत बाजूवर रेघ हिरवट काळी. ज्योतीखाली गंधकाचा वास. पायराईट, सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज. म्हणालो, "अण्णा, सोनं नाही." तो काहीच बोलला नाही. अर्धा दगड माझ्याकडेच ठेवून गेला.

रात्री झोप लागेना. हट्टीची सोन्याची खाण त्याच तालुक्यातली, आणि तिथलं सोनं अशाच गारेत असतं, टनामागे मोजके ग्रॅम. जवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेखसुद्धा 1915 साली सोनं शोधणाऱ्या इंजिनिअरलाच सापडला. पायराईटच्या पोटात डोळ्याला न दिसणारं सोनं असू शकतं, हे मला माहीत होतं. तरी मी सुईवर निकाल दिला होता.

मग 100 ग्रॅम दगड मैद्यासारखा कुटला. गंधक उडेपर्यंत मंद आचेवर हलवत भाजला. इथं घाई केली की पुढं शिसं नीट उतरत नाही. चार मुशींत वाटून मुरदाडशिंग (शिशाचं भस्म), टाकणखार, सोडा, चमचाभर पीठ आणि चिमूटभर शुद्ध चांदी घातली. ओतल्यावर वर काच, तळाला सोनं-चांदी पोटात घेतलेल्या शिशाच्या गोळ्या. त्या हाडाच्या राखेच्या वाट्यांत ठेवल्या. वाटी शिसं पीत जाते, आणि शेवटी उरलेल्या चांदीच्या रव्यावरून एक साय सरकते न सरकते तोच तो लख्ख उजळतो. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणाला मी श्वास रोखतो.

तेजाबात चांदी विरघळली. तळाला तपकिरी ठिपके उरले. तापवले, पिवळे झाले. सगळे मिळून काट्यावर ठेवले तरी आकडा हलला नाही. मुरदाडशिंगातूनच आलं असेल म्हणून दगडाविना तीच सगळी खटपट पुन्हा केली. काही उरलं नाही.

म्हणजे सोनं आहे. पण 'आहे' म्हटलं तर तो त्या चिठ्ठीला खरं मानून कर्ज काढून रान खणेल. 'नाही' म्हटलं तर मी खोटा. काल त्याच्या पोराचा फोन आला, "सेठ, नक्की नाही ना?"

रविवारी त्यांच्या रानात जाणार आहे. त्या ठिपक्यांची पुडी आणि भिंग दोन्ही घेऊन.