कोपऱ्यातला आकडा

प्रचाराचं गणित साधं असतं, जितके जास्त तितकं बरं. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर जरा उभं राहून बघा, भावी नगरसेवक चारही दिशांनी हात जोडून तुमच्याकडेच बघत असतात आणि त्यातल्या एकाही फ्लेक्सवर 'फक्त 150 प्रती, सहीसकट' असं लिहिलेलं नसतं. आणि मी जी राजकीय चित्रं गोळा करते त्यांचं सगळं कौतुक ती कमी आहेत यातच. स्ट्रीट आर्टवाल्यांचे लिमिटेड एडिशन प्रिंट्स. म्हणजे मूळ चित्र कुठल्यातरी भिंतीवर, फुकट, युद्धाला नाहीतर पोलिसांना नाहीतर सरळ सरकारला टोमणा मारणारं, आणि मग तेच चित्र जाड कागदावर स्क्रीन प्रिंट करून खाली एका कोपऱ्यात पेन्सिलीने 43/150, म्हणजे एकूण 150 प्रतींपैकी 43 वी, आणि दुसऱ्या कोपऱ्यात सही. नवरा याला 'तुझं घरबसल्या आंदोलन' म्हणतो.

यात सगळ्यात मोठं नाव अर्थातच बँक्सी, इंग्लंडचा भिंती रंगवणारा चित्रकार. त्याची ती फुगा सुटून गेलेली मुलगी माहितीये ना, त्याचे 2004 मध्ये प्रिंट निघाले, 150 सहीचे आणि 600 बिनसहीचे. ते आता आपल्यासारख्यांच्या स्वप्नातही येत नाहीत. पण मला त्याच्या चित्रांइतकंच, प्रिंट अस्सल असल्याचं त्याचं सर्टिफिकेट आवडतं. त्याला एक दहा पौंडाची खोटी नोट अर्धी फाडून लावलेली असते, त्याने स्वतःच छापलेली, राणीच्या जागी डायनाचा चेहरा, आणि उरलेला अर्धा तुकडा त्याच्या ऑफिसकडे. खरेपणा सिद्ध करायला खोटी नोट! तोच हा माणूस, 2018 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात याच मुलीचं चित्र दहा लाख पौंडांच्या वर गेलं आणि हातोडा पडल्या पडल्या फ्रेममध्ये लपवलेल्या श्रेडरने ते अर्धं चिरून टाकलं. बाजाराला केवढी मोठी चपराक, नाही का? तेच चिरलेलं चित्र 2021 मध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांना गेलं. बाजाराने गाल चोळत चोळत पावती फाडली.

म्हणून मला कधीकधी पॅरिसच्या पोरांचं जास्त पटतं. मे 1968 मध्ये विद्यार्थी आणि कामगारांच्या आंदोलनात तिथल्या आर्ट कॉलेजात विद्यार्थ्यांनी रात्र रात्र बसून पोस्टर छापली, एका रंगात, कोणाची सही नाही, नंबर नाही, आणि वर स्पष्ट बजावलं की ही शोभेसाठी वापरू नका, यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्यांच्या भिंतींवर. ती पोस्टर्सही आज लिलावात विकली जातातच म्हणा. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं होतं, चिपळूणकरांनी मित्रांना घेऊन 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, शिवाजी महाराज, पेशवे, रामपंचायतन अशी रंगीत चित्रं छापली, ती कपाटात ठेवायला नाही तर घरोघरी भिंतीवर लागावीत म्हणून. आमच्या आजोळी माजघरात टिळकांची तसबीर होती, ती कितवी प्रत आहे असं कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

मग हा आकडा कशाला, असं माझंही व्हायचं, पण शेपर्ड फेअरी या अमेरिकन स्ट्रीट आर्टवाल्याचं प्रकरण वाचलं तेव्हा जरा वेगळं दिसायला लागलं. ते लाल-निळं ओबामाचं पोस्टर, 2008 चं. आधी त्यावर 'प्रोग्रेस' होतं, मग 'होप' झालं. फोटो न विचारता वापरला म्हणून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या तो भाग वेगळा. पण सुरुवातीला 700 छापली, त्यातली 350 विकली आणि 350 रस्त्यावर चिकटवली, आणि विक्रीच्या पैशातून आणखी छापली, मग आणखी, ती लाखांवर गेली. म्हणजे हौशी लोकांनी नंबरसाठी मोजलेल्या पैशावर बिननंबरची पोस्टर्स गावभर लागली. हे मला आवडलं. अर्थात मी विकत घेतलेल्या प्रत्येक प्रिंटचे पैसे असेच कुठे भिंतीला लागलेत असा दावा करणार नाही, काही चित्रकारांचं घरभाडं गेलं असेल, तेही ठीकच आहे.

बाकी ठाण्यात कागद सांभाळणं म्हणजे व्रत आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवेतच इतकं पाणी की कागद फुगतो, फ्रेमच्या मागचा प्लाय फुगतो, काचेला चिकटलेला प्रिंट तर गेलाच समजा. म्हणून काच आणि कागद यांच्या मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नौपाड्यातले आमचे फ्रेमवाले काका देवादिकांचे फोटो करण्यात पटाईत, त्यांना मी पहिला प्रिंट दिला तर म्हणाले, ताई, माउंट कशाला, प्लायवर चिकटवून देतो, शंभर वर्षं हलणार नाही. आणि मग चष्मा वर करून, खाली कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, एवढी कड कापून टाकू का? मी जवळजवळ काउंटरवर चढलेच.

पण काकांचं एक बरं होतं, त्यांनी चित्र तरी बघितलं, गॅस मास्क घातलेल्या पोराच्या हातात फुलं का आहेत असं विचारलं. घरी येणारे पाहुणे थेट कोपऱ्यात वाकतात. 43 म्हणजे काय, 1 नंबर जास्त महाग असतो का (नसतो, फार फरक पडत नाही), आता विकलं तर किती येतील. किंमत ऐकली की सोफ्यावर मागे रेलून चहा. हॉलमध्ये इतकं सरकारविरोधी साहित्य लटकतंय आणि आजवर एकही भांडण नाही.

भांडण झालं ते दाराबाहेरच्या प्रिंटवरून. वागळे इस्टेटमध्ये एका मित्राचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे, एरवी लग्नपत्रिका आणि टी-शर्ट, पण सीझन नसला की स्वतःचं काहीतरी ओढत बसतो. त्याने दोन रंगात एक केलं, रस्त्यातला खड्डा आणि त्यात बुचासारखं खुपसलेलं मतदानाची शाई लावलेलं बोट, वर मोठ्या अक्षरात 'बुजवला'. शाईचा जांभळा इतका अचूक की म्हैसूरहून मागवली काय असं मी विचारलं, निवडणुकीची शाई 1962 पासून तिथूनच येते. नंबर नाही, सही नाही, कितीही घे म्हणाला. महागड्या मंडळींमध्ये लावायला जीव होईना, म्हणून चपलांच्या रॅकवर लावलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी बेल वाजवली. हे कोणत्या पक्षाच्या विरोधात आहे? म्हटलं, काका, खड्डा ज्याचा असेल त्याच्या. ते म्हणाले, कॉमन पॅसेज आहे, उद्या कोणीही काहीही लावेल. तेवढ्यात समोरच्या जोशीकाकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या की तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गेटवर आठ दिवस होता तो चालला का, मग वरच्या मजल्यावरचा मुलगा थांबला, मग लिफ्ट अडवून धरली म्हणून खालून आरडाओरडा, आणि विषय घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवरून मेंटेनन्सवर आणि तिथून थेट दिल्लीपर्यंत गेला. प्रिंट अजून तिथेच आहे, जोशीकाकूंनी त्यांच्या दारासाठी एक मागितलंय, आणि सोसायटीच्या जनरल मीटिंगच्या अजेंड्यावर आमचा पॅसेज चौथ्या नंबरवर आहे, पार्किंगच्या वर.