लोकर संपली राव!

आज ग्रुप प्रोजेक्टचा नकाशा एकदाचा चिकटवला, गुडघ्यांची वाट लागलीये. विषय बेने इस्रायली लोकांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, स्थलांतर. सुरुवात सोप्पी वाटली, कारण आडनावंच पत्ता सांगतात ना, पेणकर, रोहेकर, किहीमकर, वाक्रूळकर, म्हणजे अलिबाग-पेण-रोह्याच्या पट्ट्यात टाचण्या टोचत सुटलो. हे लोक तेल गाळायचे, पण ज्यूंचा सुट्टीचा वार म्हणून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली, हे माझ्या आजीला आधीच माहीत होतं, आम्ही मात्र लायब्ररीत दोन दिवस घालवले 😅

मग तिथून मुंबई, मांडवीचं १७९६ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मग कोणी पलटणीत कोणी रेल्वेत, त्यामुळे एक दोरा कराचीला, एक थेट येमेनमधल्या एडनला, आणि १९४८ नंतर मोठा गठ्ठाच इस्रायलकडे. लाल लोकर तिथेच संपली, शेवटी एकीच्या ओढणीचे गोंडे कापले (तिच्या आईला सांगू नका). त्यात इस्रायल चार्टवर एवढुसा, लोद, रामला, अश्दोद, दिमोना, टाचण्या मावेनात! सर म्हणाले वेगळा मोठा नकाशा काढा. तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी मासिक निघायचं, ते कुठे चिकटवायचं यावरून अजून भांडण चालूये.