हिरव्यापेक्षा लाल बरा

आमच्या एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला ई. कोलाय या बॅक्टेरियात जीएफपीचा, म्हणजे जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा, जीन घालायचं प्रॅक्टिकल असतं. यूव्ही दिव्याखाली अरॅबिनोज (हा जीन चालू करणारी साखर) घातलेल्या प्लेटवरच्या कॉलन्या पोपटी हिरव्या चमकतात, शेजारची बिनअरॅबिनोजची प्लेट मख्ख. लगेच सगळ्यांचे मोबाईल बाहेर.

यंदा सिन्नरहून येणाऱ्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग पोटातली गाठ अशीच चमकवून का नाही बघत?"

पहिली अडचण उघड आहे. जीएफपी म्हणजे टोचायचा रंग नव्हे, त्याचा जीन पेशीतच घालावा लागतो. म्हणून हे काम उंदरांवर, झेब्राफिशवर चालतं. दुसरी अडचण दाखवायला त्याला मोबाईलचा टॉर्च बोटांखाली घट्ट धरायला लावला. दिवा पांढरा, बाहेर आला तो लाल उजेड. निळा-हिरवा वाटेत हिमोग्लोबिननं गिळला. जीएफपीला चेतवायला निळा लागतो आणि ते सोडतं ५०९ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. म्हणजे जाताना मार, येताना पण मार.

मग लाल प्रथिन शोधा! १९९९ साली ते सापडलंही, प्रवाळांच्या नात्यातल्या डिस्कोसोमामध्ये. पण हे प्रथिन, डीएसरेड, एकटं राहतच नाही, चौघं मिळून घट्ट चिकटतात. ज्या प्रथिनाला शेपूट म्हणून जोडाल, त्याचाही गठ्ठा करून टाकतात. रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या लॅबनं ही चौकडी फोडली, तर चमकच गेली. मग म्युटेशनवर म्युटेशन करून ती परत आणली. २००२ मध्ये एकटं राहणारं एमआरएफपी१ आलं तेव्हा मूळ प्रथिनात ३३ बदल झाले होते. २००४ मध्ये त्यातूनच एमचेरी. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना जीएफपीसाठी २००८ चं नोबेल मिळालं, जेलीफिशची गोष्ट आता सगळेच सांगतात. मला विचाराल तर खरी कारागिरी त्या ३३ बदलांत आहे. पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळही नसते.

एमचेरीचा उजेडही ६१० च्या आसपासच. खोलवर बघायचं तर साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरची खिडकी बरी. तिथे रक्त फारसं आडवं येत नाही आणि पाणीही. त्यासाठी बॅक्टेरियांच्या फायटोक्रोमपासून (उजेड ओळखणाऱ्या प्रथिनांपासून) नवी प्रथिनं घडवली आहेत. चमकायला त्यांना बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य लागतं, आणि ते प्राण्यांच्या शरीरात आयतंच मिळतं. मुका मार लागल्यावर काळ्यानिळ्या डागाला काही दिवसांनी हिरवट छटा येते ना, ती बिलिव्हर्डिनचीच.