गन्स अँड रोझेस बघितलो बे!

परवा शनिवारी, १७ मेला, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर या अमेरिकन रॉक बँडचा शो होता. आज सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापुरात उतरलो तरी कान वाजायलेत.

२०१२ ला हे मुंबईत येऊन गेले होते, पण तेव्हा बँडमध्ये गिटारवाला स्लॅशच नव्हता. तो परतला २०१६ ला. स्लॅशशिवाय हा बँड म्हणजे शेंगाचटणीशिवाय भाकरी, त्यामुळं तो शो हुकल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

गायक ॲक्सल रोझचा आवाज आता पूर्वीचा राहिला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? वरच्या पट्टीत चिरकतो. पण ‘नोव्हेंबर रेन’ला तो पियानोवर बसला, पब्लिकनं मोबाईलचे टॉर्च काढले, आणि तक्रार करायची शुद्धच राहिली नाही. मग स्लॅश! उंच काळी टोपी, तोंडावर केस, गिटार जवळजवळ उभी धरलेली. एकेक सूर असा ताणायचा की पोटात कालवायचं. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक काका होते, शर्ट इन केलेला, थेट ऑफिसातून आल्यासारखे. डोळे मिटून हवेत अख्खा सोलो वाजवला त्यांनी. बोटं कुठंही चुकली नाहीत!

उकाड्यानं मुंबईची पोरं कोमेजली होती. आम्हा सोलापूरकरांना मे महिन्याचं काय सांगता?

घरी आल्या आल्या आई म्हणाली, “एवढे पैसे घालून नुसतं वरडायला गेलतास व्हय?” आवाज पार बसलाय, मान हलवूनच हो म्हटलं. आता दुकानात चादरीचे भाव बोटांवर सांगायलोय.