पॉइंटपासून सेन्सरपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या दुचाकींच्या गॅरेजबद्दल लिहायचं तर आधी फिलर गेजबद्दल, म्हणजे बारीक फट मोजायच्या पोलादी पातीबद्दल, लिहायला हवं. मॅग्नेटला पुलर लावून तो काढायचा, पॉइंट (इंजिनची ठिणगी उघड-मिट करून देणारे संपर्क) घासायचे आणि पाती जरा अडखळत सरकली की गॅप जमली. पुढे पॉइंट गेले, ठिणगीसाठी सीडीआय हा इलेक्ट्रॉनिक डबा आला, आता सगळं ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या छोट्या संगणकाच्या, पोटात गेलंय. पाती मात्र टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट जमवायला, अजून रोज लागते.

हा हात बसवला माझ्या पहिल्या भागीदाराने. मूळचा टर्नर, लेथवरचा कारागीर. बोरिंग झालं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून सारखा केला, की रिंगा न चढवता पिस्टन सिलिंडरमध्ये सोडायचा आणि तो कसा उतरतो त्यावरून क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, सांगायचा. जुन्या गाड्यांचं त्याला वेड. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी दुचाकीच्या लाकडी सांगाड्यात इंजिन बसवलं, तेव्हा ठिणगी नव्हतीच; बर्नरने लाल तापवलेल्या नळीवर पेट्रोल पेटायचं, तेही स्वाराच्या बुडाखाली. १८९४ची हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर ही मोटारसायकल १,४८९ सीसीची, पण क्लच नाही, पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला. "मग ही गाडी चालू ठेवून उभी कशी करशील?" असं विचारून तो नव्या पोरांना पारखायचा. जो म्हणेल "नाहीच करता येणार, इंजिन बंद होणार", तो कामाला लागायचा.

टू-स्ट्रोक गेल्या, फोर-स्ट्रोक आल्या, काम चालू राहिलं. झोप उडवली ती इंजेक्शनने, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेने. ते काही नवं नव्हतं. कावासाकीने १९८० मध्येच झेड-१००० वर बसवलं होतं. पण धुराचे नियम कडक झाले आणि रोजच्या वापराच्या गाड्यांतही पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर दिसेनासा झाला. त्याच्या जेटचे, म्हणजे बारीक भोकांच्या नळ्यांचे, आमचे डबे धूळ खाऊ लागले. शेजारी चकाचक सर्व्हिस सेंटर उघडलं. तिथला मॅनेजर आमच्याच गिऱ्हाइकांना सांगायचा, "ईसीयूतले बिघाड वाचायचा स्कॅनर नाही त्यांच्याकडे, गाडी बिघडवतील." दोन चांगली पोरं त्याने फोडली. भाडं थकलं, लेथ विकावं लागलं. भागीदार त्यानंतर गॅरेजात फारसा फिरकला नाही. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा टिकून राहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. त्यांची इंजेक्शनची गाडी थांबल्यावर बंद पडायची. सेंटरवाल्यांनी स्कॅनरवर बिघाडाचा कोड काढला, मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. म्हणून हे मोजणारा, धुरातला ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्यात पुन्हा तेच. मास्तर गाडी ढकलत आमच्याकडे आले. मी इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचं, रबर काढून वाकवलं. खालच्या बाजूला केसाएवढी चीर, वाकवल्याशिवाय दिसणार नाही अशी. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, आणि इंजिन यांच्या मधून जास्तीची हवा आत शिरत होती. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. स्कॅनर मीही नंतर घेतला, रोज वापरतो. पण तो बोट दाखवतो, शोधायचं आपणच.

आणि विचारलं नाहीत तरी सांगतो: प्रेशरच्या पाण्याचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, ग्रीस धुऊन जातं. चेन ताणून बसवू नका. मागे वजन आलं की ती आणखी ताणते आणि आधी गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

मास्तरांना सेन्सरचे पैसे त्या सेंटरने आजतागायत परत केलेले नाहीत. ते दर सर्व्हिसिंगला, दुकानात चार माणसं असताना, मोठ्याने हे सांगतात. मी त्यांना अडवत नाही.