हेडफोनमधून गळलेला आवाज

गाणं शहर सोडून जाण्याचं होतं. पॉप-रॉक, मिनिटाला ९६ ठोके, दोन ॲकॉस्टिक गिटारी डाव्या-उजव्या कानात. ध्रुवपद पहिल्या ३० सेकंदांत हवं, कारण स्पॉटिफायवर तेवढं ऐकलं की मगच एक प्ले मोजला जातो. म्हणजे शहराला कंटाळायलाही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नाही.

गायकाची वेळ अकराची. साडेबाराला मेसेज आला, 'हायवेवर अडकलोय.' स्टुडिओचं भाडं तासावर, वादक बसलेले. मी आमच्या असिस्टंटला माइकसमोर उभं केलं. 'गाइड गा रे.' अंतरा कुठे संपतो, ध्रुवपद कुठे उचलायचं, हे वादकांना कळावं म्हणून गायचं आणि नंतर पुसून टाकायचं, ते गाइड. त्याचे पैसे कोणी देत नाही.

पोरगा माणदेशातला, दहिवडीकडचा. कागद वाचून हसला. "मॅडम, ह्यांना नदीकाठी घर पायजे. आमच्याकडं नदीला पाणी आलं तर लोकं बघायला जात्यात." मग एका दमात गायला. जरा मागे रेंगाळत, सपाट, एसटी किती वाजता आहे विचारावं तसं.

गायक दीडला आला. गळा तयार, पण प्रत्येक ओळीत उसासा. शेवटच्या ओळीत वाद्यं थांबतात, तिथे तो दर वेळी घाई करायचा. "गाइड कानात राहू दे," म्हणाला आणि सवयीने हेडफोनची एक बाजू कानामागे सरकवली. उघड्या बाजूतून गळणारा आवाज कंडेन्सर माइक हमखास पकडतो. कानात क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, असती तर मी शेवटाला न चुकता खाली ओढली असती. गाइडचं भान राहिलं नाही. चूक माझीच. १९ टेक झाले, निर्माता घड्याळ बघत होता.

रात्री मिक्सला बसले. कॉम्प्रेसर हळू आवाज वर आणतो, त्याने हा गळलेला आवाजही वर आणला. शेवटच्या 'जाऊ'च्या मागे, अर्धी मात्रा उशिरा, दुसरं 'जाऊ'. खर्ज नाही, नुसती कड. तो खोडला जावा म्हणून गाइडचा ट्रॅक उलट्या फेजने, म्हणजे लहरी उलटवून, लावून पाहिला. तो जुळेना, कारण हेडफोन आणि खोली यांतून गेलेला आवाज मूळचा राहत नाही. स्पेक्ट्रममधून, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या चित्रातून, खरवडला, तर गायकाचे 'ज' आणि 'स' बोथट झाले. गायक शोसाठी बाहेरगावी गेलेला. डोळे मिटून खरवडलेलं आणि न खरवडलेलं आळीपाळीने ऐकलं, बरेचदा. मग गाइडची कड थोडी खाली घेतली आणि राहू दिली.

निर्मात्याने ऐकलं. यांना बेसमधली चूक कधी ऐकू येत नाही, पण हे आलं. "शेवटचा डबल मस्त! तीच ओळ पुन्हा गाऊन वर चढवलीस, कधी घेतलास?"

"त्याचाच आहे," मी म्हटलं.

का म्हटलं, ते अजून उमगलेलं नाही. खरं सांगितलं असतं तर ओळ कापली गेली असती, असं मी स्वतःला सांगते. श्रेयनामावलीत गिटार ट्यून करून देणाऱ्याचंही नाव आहे, या पोराचं नाही.

गाणं आलं त्या आठवड्यात तो केबल गुंडाळत मोबाइलवर तेच ऐकत होता. एक इअरफोन काढून म्हणाला, "मॅडम, शेवटाला मागं कायतरी ऱ्हायलंय. लीक हाय का?"

"बघते," म्हटलं.