स्टारडे: दोन सेंटांवर उभं राहिलेलं लेबल

टेक्सासमधल्या बोमाँटचे जॅक स्टार्न्स आणि ह्यूस्टनचे पॅपी डेली यांनी अमेरिकी कंट्री संगीताच्या (ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांच्या) तबकड्या काढणारी ही कंपनी काढली. एकाच्या आडनावातलं ‘स्टार’, दुसऱ्याच्यातलं ‘डे’, म्हणून स्टारडे. 1953 मध्ये डॉन पियर्स भागीदार झाले. पुढे कंपनी तगली ती त्यांच्या हिशोबी डोक्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीची ध्वनिमुद्रणं स्टार्न्स यांच्या घरीच झाली. भिंतींवर अंड्यांचे ट्रे लावलेले. अशा ट्रेंनी खोलीतला घुमार थोडा कमी होतो, पण बाहेरचा आवाज अडत नाही. त्याला जाड, जड भिंतच लागते. त्यामुळे रस्त्यावरून ट्रक गेला की टेक बाद! सगळे एकत्र वाजवत असल्याने तेवढाच आवाज नंतर पुसण्याची सोय नव्हती.

1955 मध्ये कंपनीचे गायक जॉर्ज जोन्स यांचं ‘व्हाय बेबी व्हाय’ ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार स्टुडिओत झालं. जोडीचा गायक सनी बर्न्स आलाच नाही, तेव्हा जोन्स यांनी दुसरा आवाजही स्वतःच दिला. गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. वेब पियर्स आणि रेड सोव्हाइन यांनी ते मोठ्या डेका कंपनीसाठी पुन्हा गायलं आणि 1956 मध्ये पहिला क्रमांक गाठला.

यात स्टारडे हरली का? नाही. गाण्याचे प्रकाशनहक्क, म्हणजे शब्द-चालीवरचे हक्क, तिच्याच ‘स्टाराइट’ या प्रकाशन कंपनीकडे होते. अमेरिकी कायद्याने तेव्हा प्रत्येक प्रतीमागे गाण्याला दोन सेंट ठरलेले. त्या दराने एक लाख प्रतींचे 2,000 डॉलर, आणि त्यातला निम्मा वाटा सहसा प्रकाशकाचा. तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं कोणी ऐको न ऐको, त्यालाही तेवढेच. गायक कोणत्याही कंपनीचा असला तरी पैसे हक्कदाराकडेच येतात.

‘कस्टम’, म्हणजे गायकाच्या मागणीवरून काढलेल्या, तबकड्यांमागेही हीच, गाण्याच्या हक्कांवरची नजर होती. गावोगावचे गायक टेप पाठवत, खर्च स्वतः करत आणि काही शे प्रती घेऊन जात. आज संग्राहक रॉकबिलीसाठी (कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मिश्रणासाठी) याच तबकड्या शोधतात.

1957 मध्ये मर्क्युरी या मोठ्या तबकडी कंपनीशी झालेला करार वर्षा-दीड वर्षात मोडला. डेली जोन्स यांच्यासह तिकडेच राहिले; स्टारडे डॉन पियर्स यांच्याकडे, नॅशव्हिलजवळ. मोठ्या कंपन्यांनी सोडलेले जुने गायक त्यांनी घेतले. 1960 मध्ये काउबॉय कोपास यांचं ‘अलाबॅम’ 12 आठवडे पहिलं राहिलं. स्टॅनली ब्रदर्सचं ब्लूग्रासही (बँजो-फिडलसारख्या तंतुवाद्यांवरचं कंट्री संगीत) इथे निघालं.

1968 मध्ये कंपनी विकली गेली, नाव मात्र टिकलं. 1976 मध्ये त्या नावाखाली ‘टेडी बेअर’ पहिल्या क्रमांकावर पोचलं. गायक होते तेच रेड सोव्हाइन.